दोनशे रुपयांचा पिवळा मीटर: टेबलावर कामाचा, भिंतीच्या सॉकेटात नाही

इंदुरात महाराणी रोडच्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नुसतं "मल्टीमीटर दाखवा" म्हटलं की काउंटरवर सगळ्यात आधी हाच येतो. पिवळी किंवा काळी प्लॅस्टिकची डबी, मधोमध मोठा गोल नॉब, वर आकड्यांची छोटी पट्टी, खाली तीन भोकं. नाव डीटी-८३०डी. किंमत दीडशे ते अडीचशेच्या दरम्यान, दुकान आणि घासाघीस बघून. नववी-दहावीतल्या मुलाला वीज शिकायची हौस आली, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला प्रॅक्टिकल सुरू झालं किंवा घरातल्या रिमोटचे सेल गेलेत की रिमोटच गेलाय हे बघायचं असलं, तर पहिली खरेदी बहुधा याचीच होते.

घ्यावा का? घ्यावा. सेल, बॅटरी, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग खोचून सर्किट जोडायचा भोकांचा बोर्ड), एलईडी एवढ्या कामाला या पैशांत याहून चांगला मास्तर मिळणार नाही. पण २३० व्होल्टच्या सॉकेटात याच्या तारा घालू नयेत, डायलवर ७५० छापलेलं असलं तरीही. सराफ्यातला काटा आणि सियागंजातला, म्हणजे किराण्याच्या घाऊक बाजारातला काटा, वजन दोन्ही करतात. म्हणून कुणी सोनं घेऊन सियागंजात जात नाही.

खोक्यात मीटर, लाल-काळ्या तारांची जोडी, बारीक अक्षरातला कागद आणि कधीकधी नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते. काउंटरवर तिला 'एचडब्ल्यू' म्हणतात, मग ती कोणत्याही कंपनीची असो. आत आलेली बॅटरी महिनोन् महिने पडून असते, तिच्यावर भरवसा ठेवू नका, नवी घ्या. वॉरंटीचं विचारलंत तर उत्तर ठरलेलं: "गारंटी नी है भिया, यहीं चेक कर लो." हा सल्ला मात्र अगदी बरोबर आहे. यहींच चेक करायचा.

कसा ते सांगतो, पाच मिनिटांचं काम आहे. नॉब २०० ओहमवर ठेवा. तारा मोकळ्या असताना पट्टीच्या डाव्या टोकाला एकटा '१' दिसला पाहिजे. आता दोन्ही टोकं एकमेकांना घट्ट टेकवा. आकडा ०.३ ते १.५ च्या मध्ये कुठेतरी येऊन थांबावा; हा तारांचा स्वतःचा रेझिस्टन्स. तो धरून ठेवूनच, तार जिथे प्लॅस्टिकच्या दांडीत शिरते तिथे आणि जिथे मीटरच्या पिनेत शिरते तिथे वाकवून हलवा. आकडा उड्या मारायला लागला की ती जोडी बदलून मागा. या मीटरची सगळ्यात कमजोर गोष्ट या तारा आहेत. आत मोजून चार केस असावेत इतकं तांबं असतं आणि तुटतं ते नेमकं मानेशी. नंतर नॉब २०००एमवर (म्हणजे २००० मिलिव्होल्टवर) आणा, टोकं टेकवलेलीच ठेवा: ००० किंवा ००१ यायला हवं. मग २० व्होल्टवर नवी बॅटरी मोजा, ९ च्या थोडं वर दिसेल. शेवटचं म्हणजे दुकानदाराकडून १० के चा (दहा हजार ओहमचा) प्रीसेट किंवा पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टन्स, मागून घ्या, मधली पिन आणि एक कडेची पिन पकडून २० के च्या रेंजवर तो सावकाश फिरवा. आकडे ० पासून १० पर्यंत धावतील. त्यात प्रत्येक घरातला ८ पूर्ण उमटतो का ते बघा. एखादी रेघ उमटतच नसेल तर ८ चा ६ किंवा ९ दिसतो, आणि पुढे सहा महिने तुम्ही चुकीचे आकडे वहीत उतरवत बसता.

८३० च्या मागे असलेल्या अक्षराचाही गोंधळ आहे. साधारणपणे बी म्हणजे बझर (तारांचा मार्ग जुळला की वाजणारी शिट्टी) नसलेला, डी म्हणजे बझर असलेला, एल म्हणजे पट्टीमागे उजेड असलेला. पण इतके कारखाने एकच साचा वापरतात की अक्षरावर विसंबण्यात अर्थ नाही. बझर हवा असेल तर डायलवर आवाजाच्या लाटांची खूण शोधा, तिथे नॉब नेऊन टोकं टेकवा आणि कानांनी ऐका.

आता त्या डावीकडच्या '१' बद्दल. शिकणाऱ्यांची पहिली ठेच इथेच लागते. तो '१ ओहम' नाही, '१ व्होल्ट'ही नाही. पट्टी जास्तीत जास्त १९९९ दाखवू शकते. मोजायचं त्याच्या वर गेलं की मीटर बाकीची घरं कोरी सोडून डावीकडे एक दांडी उभी करतो. मतलब एवढाच, की या रेंजमध्ये मावत नाही, वरची लाव. ओहममध्ये सगळ्यात वरच्या रेंजलाही '१' राहिला तर मार्ग तुटलेला आहे. रेंज हातानं निवडावी लागते हा खरं तर दोष, पण शिकणाऱ्याला तो फायद्याचा पडतो. १.५ व्होल्टचा सेल २०० व्होल्टच्या रेंजवर १.५ असा कंजूष दिसतो, २० वर १.५८, आणि २०००एमवर १५८०. एकच सेल, तीन रीडिंग. किती आकड्यांवर विश्वास ठेवायचा हे कागदापेक्षा इथे लवकर कळतं. किती व्होल्ट येणार याचा अंदाज नसेल तर वरून खाली या.

डीसी व्होल्ट ही या मीटरची सर्वात चांगली बाजू. छापील हिशोब असतो अर्धा टक्का अधिक-उणे शेवटच्या घरातले दोन आकडे. म्हणजे २० च्या रेंजवर १.५८ दिसलं तर खरं मूल्य १.५५ ते १.६१ मध्ये कुठेतरी. एवढ्या पैशांत याहून जास्त मागणं म्हणजे लोभ. मात्र खोक्याखोक्यात फरक असतो, तेव्हा आपला मीटर किती खोटं बोलतो हे एकदा तपासून ठेवावं. त्यासाठी ७८०५ (५ व्होल्ट देणारी रेग्युलेटर चिप) वापरू नका; त्याचं ५ व्होल्ट ४.८ ते ५.२ पर्यंत काहीही असू शकतं. टीएल४३१ घ्या, ठरावीक व्होल्ट धरून ठेवणारा भाग, काही रुपयांत मिळतो. दिसायला ट्रान्झिस्टरसारखा. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून रेफरन्स, अॅनोड, कॅथोड. रेफरन्स आणि कॅथोड एकत्र जोडा, त्या जोडाला १ के मधून बॅटरीचं प्लस द्या, अॅनोड मायनसला. जोड आणि अॅनोड यांच्यामध्ये २.५ व्होल्ट मिळतात (नेमके २.४९५), बॅटरी ९.३ असो की ७.८. 'ए' जातीचा असेल तर चूक एक टक्क्याच्या आत, म्हणजे २.४७ ते २.५२. तुमचा मीटर यात बसला तर मागचं झाकण उघडून आतल्या छोट्या प्रीसेटला हात लावू नका. आणि नाही बसला तरीही आधी बॅटरी बदला.

कारण बॅटरी उतरली की हा मीटर आकडे वाढवून सांगतो, आणि ते फसवं आहे. बॅटरी उतरल्यावर सगळंच मंदावतं, तेव्हा रीडिंगही कमी येईल अशी आपली समजूत. इथे उलटं होतं. आतली चिप येणारा व्होल्ट स्वतःच्या एका ठरावीक व्होल्टशी ताडून आकडा काढते. बॅटरी साधारण सातच्या खाली गेली की तो ठरावीक व्होल्टच खाली घसरतो. गजच आखूड झाल्यावर कापड लांब भरणारच. म्हणून साध्या नव्या सेलवर १.९ दिसायला लागलं, तर सेल जादूचा नाही, मीटरची एचडब्ल्यू मेली आहे. काही नगांवर बॅटरीची खूण येते, काहींवर येतच नाही. आपोआप बंद होण्याची सोयही नाही. नॉब 'ऑफ'वर न्यायला विसरलात तर पंधरवड्यात बॅटरी साफ.

सेल मोजण्याबद्दल एक गोष्ट, कारण नव्वद टक्के लोक याच कामाला मीटर घेतात. रिकामा सेल नुसता मोजला तर बरा दिसतो. चौकोनी बॅटरीवर ४७० ओहमचा रेझिस्टन्स लावा, म्हणजे सुमारे १९ मिलिअँपिअर वाहतील आणि पाव वॅटचा रेझिस्टन्स ते सहज सोसेल. लावलेला असतानाच मोजा. चांगली बॅटरी ९ च्या आसपास टिकते. दमलेली आधी ८.४ दाखवते आणि लोड लागताच सहा-पाचवर कोसळते. पेन्सिल सेलला १० ओहम लावून दोन सेकंद बघा, जास्त नको, रेझिस्टन्स तापतो.

आता एक प्रयोग, जो या मीटरची मर्यादा उघडी पाडतो आणि ओहमचा नियमही शिकवून जातो. १ मेगाओहमचे दोन रेझिस्टन्स एकापुढे एक जोडा आणि दोन टोकांना ९ व्होल्ट द्या. मधल्या जोडापाशी किती? निम्मे, साडेचार. पुस्तकही तेच सांगतं. मीटर लावा: ३ व्होल्ट. रेझिस्टन्स बदलून पाहा, बॅटरी बदला, पुन्हा ३ च. चूक कुणाचीच नाही. मीटर स्वतःच आतून १ मेगाओहमचा आहे. खालच्या रेझिस्टन्सला तो समांतर बसला, दोघांचे मिळून ५०० के झाले, आणि ९ व्होल्टची वाटणी एकास दोन अशी पडली. चांगल्या मीटरचा आतला रेझिस्टन्स १० मेगाओहम असतो. त्याच जागी तो ४.२९ दाखवेल. म्हणजे तोही थोडं खातोच, फक्त खाताना दिसत नाही. १० के पर्यंतच्या सर्किटमध्ये हा फरक जाणवत नाही, आणि शिकतानाची जवळपास सगळी सर्किटं त्यातच येतात. १०० के च्या वर गेलात की आकड्याकडे संशयानं बघा. एखाद्या मीटरवर या प्रयोगात ४.२९ आलं तर चांगलं, तुम्हाला बरा नग मिळाला.

करंट मोजणं ही फ्यूज उडवायची जागा. खालच्या तीन भोकांपैकी एक कॉम (कॉमन) लिहिलेलं, त्यात कायम काळी तार. एक भोक व्होल्ट, ओहम आणि मिलिअँपिअर या तिन्हींचं, आणि एक वेगळं १० अँपिअरचं. व्होल्ट आणि मिलिअँपिअरचं भोक एकच असल्यानं तार हलवावी लागत नाही, नुसता नॉब फिरतो. आणि म्हणूनच नॉब २००एम अँपिअरवर राहून गेलेला असतो आणि हात सवयीनं बॅटरीच्या दोन टोकांना जातो. त्या रेंजमध्ये मीटर म्हणजे जेमतेम १ ओहमची तार. बॅटरी शॉर्ट, फ्यूज खलास. ओळखण्याची खूण सोपी: व्होल्ट बरोबर दाखवतो, पण मिलिअँपिअरच्या सगळ्या रेंजवर शून्य. मागचे दोन स्क्रू काढा (तारा आधी उपसून), काचेचा छोटा फ्यूज दिसेल, ५ बाय २० मिलिमीटरचा, बहुधा २०० मिलिअँपिअरचा. मागे जे छापलंय तेच घ्या. तांब्याचा केस गुंडाळून काम चालवणारे हुशार लोक आहेत. त्यांच्या मीटरचा पुढचा फ्यूज म्हणजे मीटरच.

त्यापेक्षा करंट मोजूच नका, काढा. एलईडीच्या सर्किटमध्ये ९ व्होल्ट, १ के चा रेझिस्टन्स आणि लाल एलईडी लावला असेल, तर मीटर व्होल्टवर ठेवून रेझिस्टन्सच्या दोन टोकांमध्ये मोजा. ७.१ आलं? मग ७.१ मिलिअँपिअर वाहतायत. रेझिस्टन्स १ के असला की व्होल्टचा आकडा हाच मिलिअँपिअरचा आकडा. ४७० ओहम असेल तर भागा: ७ भागिले ४७०, म्हणजे १५ मिलिअँपिअरच्या आसपास. सर्किट तोडावं लागत नाही, फ्यूज उडत नाही, आणि भागाकार करता करता ओहमचा नियम हाडात मुरतो. कामावरची माणसंही पुष्कळदा असंच करतात. ज्यांना तरी मोजून बघायचंय त्यांनी २०एमची रेंज घ्यावी. तिचा आतला रेझिस्टन्स १० ओहम, त्यामुळे ७ मिलिअँपिअरला फक्त ७० मिलिव्होल्ट पडतात. २००० मायक्रोच्या रेंजमध्ये हाच रेझिस्टन्स १०० ओहम होतो, तिथे सर्किटचं वागणंच बदलू शकतं.

१० अँपिअरच्या भोकाला बहुतेक नगांत फ्यूजच नसतो. आत जाडशा तारेचा एक वेढा आणि बस्स. वर बारीक अक्षरात 'अनफ्यूज्ड' लिहिलेलं असतं, आणि कागदावर एका वेळी १० ते १५ सेकंदांची मर्यादा. कामाला येतं खेळण्यातल्या मोटरचा करंट बघायला. काम झालं की लाल तार ताबडतोब परत व्होल्टच्या भोकात. हे विसरण्याची किंमत पुढे सांगतो.

ओहममध्ये तक्रार करण्यासारखं फारसं नाही. लहान रेझिस्टन्स मोजताना सुरुवातीला पाहिलेला तारांचा आकडा वजा करायचा. मोठा मोजताना दोन्ही हातांची बोटं टोकांना लावायची नाहीत, नाहीतर अंगाचा रेझिस्टन्सही मोजला जातो; घामेजलेल्या हातांनी १ मेगाओहमचा चक्क निम्मा होतो. आणि चालू सर्किटमध्ये ओहम कधीच नाही. बॅटरी काढा, कंडेन्सर असेल तर १ के लावून रिकामा करा. ओहमच्या रेंजवर असताना बाहेरचा व्होल्ट आत घुसला तर आतला एक रेझिस्टन्स भाजतो, आणि मग व्होल्ट ठीक पण ओहम वेडेवाकडे अशी स्थिती होते. त्याची दुरुस्ती नव्या मीटरपेक्षा महाग पडते.

बझर ऐकायला छान, पण थोडा सुस्त. आणि तो ५०-६० ओहमपर्यंतही वाजतो. तेव्हा 'वाजला म्हणजे जोड पक्का' असं नाही. ढिला, गंजलेला, ३० ओहमचा जोडही तितक्याच आनंदानं वाजतो. शंका असेल तिथे बझरनंतर २०० ओहमची रेंज लावून आकडा बघा. बझरचा खरा उपयोग ब्रेडबोर्डवर. मोठा ब्रेडबोर्डही ८३० भोकांचाच असतो (हा निव्वळ योगायोग, मीटरच्या नावाशी संबंध नाही). त्याच्या कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या काही बोर्डांत सलग असतात, काहींत मधोमध तुटलेल्या. वरच्या अर्ध्या भागातली एलईडी पेटते, खालची पेटत नाही, आणि मुलगा तासभर ट्रान्झिस्टर बदलत बसतो. बोर्ड घरी आणल्याबरोबर दोन तुकडे तारेचे खोचून पट्टीची दोन टोकं वाजतात का ते बघा. नाही वाजली तर मध्ये एक जोडतार घाला.

डायोडची (करंट एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या भागाची) रेंज बेस्ट. १एन४००७ सरळ लावला की साडेपाचशे-सहाशेच्या आसपास आकडा येतो, उलटा लावला की '१'. दोन्हीकडून ००० म्हणजे डायोड शॉर्ट. लाल एलईडी सोळाशे-अठराशे दाखवते आणि मंद पेटतेही. पांढरी-निळी मात्र '१'च दाखवते, कारण तिला लागतात तीन व्होल्ट आणि पट्टी संपते दोनला. चांगल्या एलईडी यामुळे कचऱ्यात गेलेल्या आहेत. ट्रान्झिस्टरचं गोल सॉकेट हौसेपुरतं. बीसी५४७ हा साधा एनपीएन ट्रान्झिस्टर सपाट बाजू आपल्याकडे धरून डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एनपीएनच्या बाजूला बरोबर खोचला तर 'बी' गटाचा २०० ते ४५० मध्ये काहीतरी दाखवेल, पाय उलटे झाले तर अगदीच कमी. पाय ओळखायला उपयोगी. गेन, म्हणजे ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो तो आकडा, मोजायला फार मनावर घेऊ नका.

एसीपाशी मात्र हा मीटर साफ पडतो. रेंज दोनच, २०० आणि ७५०. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर २०० वर मोजायचा म्हणजे चूक सव्वा टक्का अधिक दहा आकडे, अर्थात एका व्होल्टच्या थोडी वरच. १२ चे ११ दिसले तर दोष कुणाला देणार? शिवाय आत एक डायोड लावून अर्ध्याच लाटेची सरासरी काढतात आणि तिला २.२२ नं गुणून दाखवतात. साइन लाटेला ते चालतं. इन्व्हर्टरच्या चौकोनी लाटेला, डिमरला चालत नाही. गंमत बघायची तर एसीच्या रेंजवर ९ व्होल्टची बॅटरी लावा: एकीकडून २० च्या आसपास, तारा उलटवल्या की शून्य. तो २.२२ चा गुणाकार बॅटरीच्या पोटातून बाहेर आलेला दिसतो.

याच्या उलट चूक जीवघेणी आहे. नॉब डीसीवर राहिला आणि तारा घरच्या लाइनला लावल्या तर पट्टीवर शून्याच्या आसपास काहीतरी येतं. सरासरी शून्यच असते ना. बघणारा म्हणतो, लाइट गेलेली आहे, आणि उघड्या वायरला हात लावतो.

म्हणून हा मीटर सॉकेटपासून लांब. कारणं आणखी आहेत. भिंतीतले २३० व्होल्ट शिखरावर ३२५ होतात, त्यावर शेजारची मोटर किंवा वीज कडाडण्याचे झटके वेगळे. काचेचा फ्यूज असा झटका विझवायला बनवलेलाच नाही, आत ठिणगी पेटली की ती काचेतून चालूच राहते. मघाशी म्हटलेली लाल तार १० अँपिअरच्या भोकात विसरलेली असेल तर तुम्ही सॉकेटचे दोन पाय सरळ जोडलेले आहेत. मध्ये आहे त्या केसाएवढ्या तारा, त्याही तुमच्या मुठीत. एमसीबी पडेपर्यंत त्यांचं इन्सुलेशन वितळतं आणि टोकं उडतात. बोट पुढे घसरू नये म्हणून दांडीवर जो कठडा लागतो तो इथे नावाला. पुढे 'कॅट थ्री ६०० व्होल्ट' छापलेलं असतं. छापायला शाई पुरते. घरातल्या सॉकेटसाठी कॅट टू, डिस्ट्रिब्यूशन बोर्डासाठी कॅट थ्री अशी ती सुरक्षेची पायरी आहे आणि तिच्यासाठी आतली अंतरं, फ्यूज, तारा सगळंच वेगळं लागतं. एकदा झाकण उघडून बोर्डावरच्या पट्ट्या किती जवळजवळ आहेत ते बघितलं की पुरे.

घरच्या लाइनचं काम खरंच करायचं असेल तर काही हजार घाला. फ्लूक १०१ छोटा आहे, कॅट थ्री ६०० चा, १० मेगाओहमचा, रेंज स्वतः निवडतो. आणि त्यात करंटची रेंजच नाही, त्यामुळे वर सांगितलेली अर्धी संकटं मुळातच संपतात. आपल्या नाशिकचे रिशभ आणि मोटवानेही बरे मीटर काढतात. पण ब्रेडबोर्डवर पहिल्या वर्षात यातलं काही लागत नाही.

पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, नॉब फिरवताना आकडे भटकायला लागतात. नॉबखालच्या पितळी पट्ट्यांवर काजळी धरते. आधी मीटर बंद ठेवून नॉब दहा-पंधरा वेळा गरगर फिरवा. बहुतेकदा एवढ्यानं भागतं. नाही भागलं तर उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा बोर्डावरच्या गोल पट्ट्यांवरून फिरवा. नॉब सुटा करताना खाली चादर अंथरा: त्याच्या खाली दोन स्प्रिंगा आणि दोन छर्रे असतात, ते टुणकन उडतात आणि फरशीवर कुठे जातात ते देवालाच ठाऊक. पट्टीच्या रेघा अर्धवट दिसत असतील तर काचेखालची रबरी पट्टी अल्कोहोलनं पुसून नीट बसवा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मीटर पडून राहणार असेल तर बॅटरी काढा. एचडब्ल्यू गळते आणि तिचं पाणी बोर्ड खातं.

सोबत काय घ्यावं, तेही सांगून टाकतो, कारण नुसत्या मीटरनं शिकता येत नाही. तयार 'बिगिनर किट'च्या डब्यात निम्मे भाग पहिल्या वर्षी लागत नाहीत आणि लागणारे दोन-दोनच असतात. सुटं घ्या. पाव वॅटचे रेझिस्टन्स २२०, ४७०, १ के, १० के, १०० के प्रत्येकी दहा, १ मेगाओहमचे दोन, १० ओहमचे दोन. लाल एलईडी दहा, १एन४००७ पाच, बीसी५४७ पाच, १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचे कंडेन्सर तीन, १० के चा पॉट एक, टीएल४३१ दोन, मोठा ब्रेडबोर्ड, बॅटरीची कॅप, आणि आत एकच जाड तांब्याची तार असलेली टेलिफोन वायर दोन मीटर. केसाळ वायर ब्रेडबोर्डात वाकते, घेऊ नका. मगर क्लिपांची एक लाल-काळी जोडी घेऊन मीटरच्या टोकांना अडकवली की दोन्ही हात मोकळे राहतात. महाराणी रोडवर सगळं एकाच दुकानात नाही मिळालं तर जेल रोडकडे चक्कर मारा. तिकडे मोबाइलच्या दुरुस्तीचं सामान, सोल्डर, अल्कोहोल, चांगल्या सिलिकॉनच्या तारा मिळतात. त्या तारा मीटरच्या निम्म्या किमतीच्या पडतात आणि मीटरपेक्षा जास्त वर्षं टिकतात. आणि फ्यूज एक घेऊ नका, पाच घ्या. पहिला पहिल्याच आठवड्यात जातो.